शाळकरी मुलांची पकड आणि चिमूट मोजताना: प्रकल्प नोंदी

२४ जून

मोजायचे आहे ते असे: ११ ते १६ वयाच्या मुलामुलींच्या दोन्ही हातांची पकड आणि तीन प्रकारची चिमूट. टोकाची चिमूट म्हणजे अंगठा आणि तर्जनी, टोकाला टोक. किल्लीची चिमूट म्हणजे तर्जनीच्या कडेवर अंगठा दाबायचा, कुलपात किल्ली फिरवताना धरतो तसा. तिसरी तीन बोटांची, अंगठ्यासमोर तर्जनी आणि मधले बोट.

कामाचे मूळ परीक्षेच्या खोलीत आहे. दोन पुरवण्या लिहून झाल्या की मुले हात झटकतात, अक्षर पसरते, शेवटचा प्रश्न अर्धा राहतो. शिक्षकांकडून हे सतत ऐकल्यावर ठरवले की हातात जोर कमी आहे का ते आधी मोजून बघू. मुलांना व्यायाम सांगण्याआधी एवढे तरी हातात हवे.

साधने दोन. पकडीसाठी पाच खाचांचा हायड्रॉलिक डायनामोमीटर, म्हणजे दांडी आवळली की जोर डायलवर दाखवणारे यंत्र, तो उसना मिळाला. चिमटीसाठी पिंच गेज, ते विकत घेतले. पालकांचे संमतीपत्र आणि मुलाची स्वतःची तयारी, दोन्ही लेखी घेत आहोत. पालकांनी हो म्हटले आणि मूल नको म्हणाले, तर मोजायचे नाही. गेल्या काही महिन्यांत हाताचे हाड मोडलेले, बोटाला टाके पडलेले, नुकतेच तापातून उठलेले विद्यार्थी या फेरीत घेणार नाही.

२८ जून

डायनामोमीटर बराच काळ कपाटात पडून होता. काटा शून्यावर व्यवस्थित येतो, हाताने दाबले की सुरळीत चढतो, त्यामुळे पाहणाऱ्याला तो ठीकच वाटतो. तरी वजने टांगून बघितले. यंत्र स्टँडला घट्ट आवळले, दांडीच्या बरोबर मध्यावर पट्टा अडकवला आणि माहीत असलेली वजने एकेक करून सोडली. ५ आणि १० किलोला काटा जवळपास बरोबर. २० ला थोडा मागे. ३० ला २७ च्या आसपास.

म्हणजे चूक सगळीकडे सारखी नाही, वजनाबरोबर वाढत जाते. सरसकट अमुक इतके मिळवा असे म्हणून हे सुटत नाही. वाईट भाग असा की मोठ्या, जोरकस मुलांचाच आकडा सर्वांत जास्त खाली दिसला असता आणि वयाबरोबर पकड किती वाढते हा आलेखच चपटा झाला असता. यंत्र दुरुस्ती आणि कॅलिब्रेशनला, म्हणजे काटा खऱ्या वजनांशी जुळवून घ्यायला, पाठवले. हा खर्च अंदाजपत्रकात नव्हता, आणि आतापर्यंतचा सर्वांत मोठा खर्च हाच. जे कोणी हे काम करणार असतील त्यांनी कॅलिब्रेशनचे पैसे पहिल्या ओळीत धरावेत, छपाई आणि स्टेशनरी नंतर.

पिंच गेज नवे असूनही तसेच तपासले. ते बरोबर निघाले.

९ जुलै

यंत्र परत आले. पुन्हा वजने टांगली. ३० ला ३०. आता दर सोमवारी सकाळी पहिल्या विद्यार्थ्याआधी १० आणि ३० किलोची तपासणी करून वहीत लिहायची.

आज बसण्याची व्यवस्था लावली. अमेरिकन सोसायटी ऑफ हँड थेरपिस्ट्स या संस्थेची पद्धत धरली आहे, कारण प्रसिद्ध झालेले बहुतेक आकडे त्याच पद्धतीचे आहेत: बसून मोजायचे, दंड अंगालगत, कोपर काटकोनात, हात ना पालथा ना उताणा, अंगठा वर. मनगट किंचित मागे झुकलेले, शून्य ते ३० अंशांत.

कागदावर हे सोपे आहे. वर्गातला बाक चालत नाही, कारण कोपर डेस्कवर टेकते आणि मूल अंगाचा भार देते. हात असलेली खुर्चीही नको. बिनहाताच्या खुर्च्या मिळाल्या तर ११ वर्षांच्या मुलांचे पाय लोंबकळायला लागले, आणि पाय अधांतरी असले की सगळे अंग पकडीबरोबर हलते. पायाखाली फळ्या ठेवल्या, तीन वेगवेगळ्या जाडीच्या. आता प्रत्येकाचे तळवे टेकतात आणि गुडघे काटकोनात येतात. ही फळी क्षुल्लक वाटते, पण ती नसताना आणि असताना त्याच मुलाचे आकडे वेगळे आले.

मनगटावर डोळा ठेवावा लागतो. जोर लावताना मुले मनगट आत दुमडतात, आपण जास्त दाबतोय असे त्यांना वाटते आणि आकडा मात्र पडतो. कोणीही मनगट पूर्ण आत वाकवून मूठ आवळून बघावी, बोटे मिटतच नाहीत. म्हणून एकाने आकडा बघायचा, दुसऱ्याने फक्त कोपर आणि मनगट. एकट्याने दोन्ही होत नाही.

११ जुलै

दांडीच्या खाचा, म्हणजे दांडी जवळ-लांब बसवायच्या जागा, पहिली सर्वांत जवळची. पाचपैकी दुसरी खाच सगळ्यांना, असे ठरवून सुरुवात केली. प्रमाण आकडे दुसऱ्या खाचेचे असतात. लहान हाताच्या मुलांची मात्र बोटांची शेवटची पेरेच दांडीवर पोहोचतात. अशा मुलाचा हात अशक्त म्हणायचा की दांडी त्याला मोठी म्हणायची?

बरीच चर्चा झाली. सहकाऱ्यांपैकी एकीचे म्हणणे, ज्याला जी खाच बसते तिथे मोजा. मला ते पटते, पण मग बाहेरच्या कुठल्याच आकड्याशी तुलना करता येत नाही, आणि वर्षभराने हात वाढला की स्वतःच्या जुन्या आकड्याशीही नाही. शेवटी दुसरी खाच ही मुख्य नोंद ठेवली. हाताची लांबी, म्हणजे मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, प्रत्येकाची मोजतो. ज्यांची पेरेच पोहोचतात त्यांचे पहिल्या खाचेत वेगळे मोजून वेगळ्या रकान्यात लिहितो. त्यांच्यातल्या काहींचा आकडा पहिल्या खाचेत वर गेला. तो रकाना नसता तर ही मुले कमजोर म्हणून यादीत गेली असती.

एक यांत्रिक गोष्ट इथेच लिहून ठेवतो. खाच बदलताना दांडी दोन्ही बाजूंनी नीट बसली आहे ना ते बोट फिरवून बघावे. एक बाजू अर्धवट राहिली तर दांडी तिरकी होते आणि रीडिंगला अर्थ राहत नाही. दांडी उलटी बसवणेही सहज होते.

१६ जुलै

पहिली मोठी तुकडी. दुपारी नोंदी चाळताना १२ वर्षांच्या एका मुलीपुढे ५२ दिसले. तिच्या आधीचे २३, नंतरचे २१. डायलवर दोन वर्तुळे आहेत, बाहेर पौंड आणि आत किलो. बाहेरचे वाचले गेले होते. ५२ पौंड म्हणजे साडेतेवीस किलो, त्यामुळे हा आकडा डोळ्यात आला. पण १५-१६ वर्षांच्या मुलांमध्ये ५० च्या आसपासचा आकडा खरोखर किलोतही येऊ शकतो, तिथे हे कधीच पकडले गेले नसते. संशय असलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलावले, त्यात पूर्ण सकाळ गेली.

उपाय: पौंडाच्या वर्तुळावर अपारदर्शक चिकटपट्टी. डायल वाचताना डोळा काट्याच्या समोर, बाजूने नाही. डायलवर खुणा दोन-दोन किलोंच्या आहेत, मधला आकडा अंदाजाने जवळच्या किलोपर्यंत लिहायचा, त्यापेक्षा बारीक नाही. २४.६ असे कोणी लिहिले तर ते खोडायचे.

१८ जुलै

आवाजाचा प्रश्न. मोजणारे आम्ही दोघे. माझा सहकारी खणखणीत आवाजाचा, त्याच्या "दाब! अजून! अजून!" ने बाहेरच्या व्हरांड्यातली मुलेही दचकतात. माझ्याकडे आलेल्या मुलांचे आकडे सरासरीने कमी येत होते. मुले वाटून घेताना काही निवड केलेली नव्हती, यादीतली आलटून पालटून घेत होतो. मग काही मुलांना दोघांकडेही पाठवले, मध्ये पुरेशी विश्रांती देऊन. फरक तसाच राहिला.

सूचना आता रेकॉर्ड केली आहे. "तयार? दाब. अजून जोरात. अजून. सोड." दाबायची वेळ ३ सेकंद. मोबाइल खुर्चीपासून ठरावीक अंतरावर, आवाजाची पातळी ठरलेली. आम्ही दोघेही गप्प. त्यानंतर दोघांमधले अंतर जवळजवळ मिटले. आधीच्या नोंदी बाजूला काढल्या, विश्लेषणात धरणार नाही. जीव तुटतो, पण मोजणाऱ्याच्या घशाने ठरलेले आकडे त्या मुलांच्या नावावर लिहिणे बरोबर नाही.

सूचनेच्या आधी एक वाक्य वाढवले: "श्वास रोखू नकोस." काही मुले गाल फुगवून, चेहरा लाल होईपर्यंत दम धरत होती.

१९ जुलै

खोलीत एका वेळी एकच विद्यार्थी. मित्र बघत असले की पहिला प्रयत्न भन्नाट, आणि तिसऱ्यापर्यंत मूल हसून किंवा थकून सोडून देते. मुलींमध्ये उलटे, समोर मुले असली की काही जणी मुद्दाम हळू दाबतात. डायलचे तोंड विद्यार्थ्याकडे नाही. "सर, त्याचा किती आला?" याला सगळ्यांना एकच उत्तर: सगळे झाल्यावर प्रत्येकाला आपापला कागद मिळेल.

हात आळीपाळीने, प्रत्येक हाताचे तीन प्रयत्न, दोन प्रयत्नांमध्ये त्या हाताला पूर्ण एक मिनिट. तिघांची सरासरी ही नोंद, सर्वोत्तम आकडा शेजारी. कोणत्या हाताने सुरुवात करायची तेही बदलत ठेवतो, नाहीतर उजव्याला नेहमी ताजेपणाचा फायदा मिळतो. चिमटीसकट एका विद्यार्थ्याला १५ मिनिटे धरावीत. शाळेला सांगताना तासाला चारच मुले होतील असे आधीच सांगितलेले बरे, कारण वर्गातून मुले सोडायची ती त्यांना सोडायची असतात.

२३ जुलै

"कोणत्या हाताने लिहितोस?" एवढे विचारून प्रबळ हात ठरत नाही. आज एक मुलगा उजव्याने लिहितो, चेंडू डाव्याने फेकतो, ब्रश डाव्या हातात. लहानपणी लिहिण्याचा हात बदलायला लावला होता, हे त्याने सहज सांगितले. ओल्डफिल्ड यांची १९७१ची एडिनबरा प्रश्नावली वापरायला घेतली. त्यात लिहिणे, चित्र काढणे, फेकणे, कात्री, टूथब्रश, चमचा अशा दहा कृती विचारतात.

उजव्या हाताच्या माणसाचा उजवा हात डाव्यापेक्षा साधारण दहा टक्के जोरकस, असा ठोकताळा चालत आला आहे. डावखुऱ्यांना तो लागू पडत नाही, त्यांचे दोन्ही हात बरेचसे सारखे निघतात. त्यामुळे आकड्यांवरून हात ठरवायचा नाही, आणि डावखुऱ्याच्या दोन हातांत फरक दिसला नाही म्हणून काही बिघडले असेही धरायचे नाही.

३० जुलै

चिमूट. पकडीपेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे.

गेज मोजणाऱ्याने दुसऱ्या टोकाला हलके धरायचे, नाहीतर मूल ते सावरण्यातच अर्धा जोर घालवते. पण धरताना आपणच ढकलत नाही ना, हे बघायचे. घामाने बोट सरकते, म्हणून प्रत्येक प्रयत्नाआधी कोरड्या फडक्याने बोटे आणि गेजचे पॅड पुसायचे. नखे वाढलेली असली की टोकाच्या चिमटीत पेर टेकतच नाही, नखच टेकते. आदल्या दिवशी नखे कापून यायला सांगतो.

उरलेल्या बोटांचे काय करायचे हे आधी ठरवले नव्हते. किल्लीच्या चिमटीत बाकीची बोटे तर्जनीखाली मिटलेली असली की तर्जनीला टेकू मिळतो, मोकळी सोडली की तर्जनी खाली दबते आणि आकडा पडतो. आता किल्लीच्या चिमटीला बोटे मिटलेली, टोकाच्या चिमटीलाही मधले, अनामिका आणि करंगळी तळहातात मिटलेली, सगळ्यांना सारखे.

आज एक मुलगी आली, १३ वर्षांची. पकड वयाला साजेशी, किल्लीची चिमूटही चांगली. टोकाची चिमूट मात्र जेमतेम २ किलो. पुन्हा दाबायला सांगून बोटाकडे बघितले. दाब वाढायला लागला की तर्जनीचे शेवटचे पेर उलट्या बाजूला वाकते, नखाकडचा सांधा आत खचतो आणि बोट टोकावर न टेकता सपाट पडते. त्या क्षणी काटा थांबतो. तिने जोर लावला नाही असे अजिबात नव्हते, अंगठ्याचा मांसल भाग टणक झालेला दिसत होता. जोर सांध्यात मुरत होता, गेजपर्यंत येत नव्हता. करंगळी मागे वाकवून बघितली, ९० अंशांच्या पलीकडे सहज गेली. अंगठाही मनगटाच्या आतल्या बाजूला टेकला. सांधे सैल आहेत.

मग तिची पेन धरण्याची पद्धत बघितली. लिहितानाही तर्जनी तशीच खचते, म्हणून ती पेन अंगठ्याने वरून गुंडाळून धरते. हात दुखतो का विचारले तर म्हणाली, "सगळ्यांचाच दुखतो ना, मॅडमना विचारा." तिला वाटत होते असेच असते.

आजपासून टोकाच्या चिमटीच्या नोंदीत "सांधा खचतो / नाही" असा रकाना आहे आणि सगळ्यांची सांध्यांची लवचिकता नऊ गुणांच्या बेटन चाचणीने बघतो. या रकान्याशिवाय टोकाच्या चिमटीचा आकडा कोणाला देऊ नये असे माझे ठाम मत झाले आहे.

८ ऑगस्ट

चाचणी परीक्षांचा आठवडा. पेपर संपल्यावर आलेल्या मुलांची चिमूट खाली, त्याच मुलांची सकाळची बरी. खेळाच्या तासानंतर दोर चढून आलेल्या मुलांची पकडही अशीच. थांबलो. परीक्षेच्या आठवड्यात मोजणी नाही, खेळाच्या तासानंतर लगेच नाही. आठवडा बुडाला, पण शाळेचे वेळापत्रक बघून तारखा आधीच लावल्या असत्या तर तो बुडाला नसता, इतरांनी तरी लावाव्यात.

२१ ऑगस्ट

फेरतपासणी. काही विद्यार्थ्यांना आठवड्याने त्याच वेळी, त्याच खुर्चीवर पुन्हा मोजले. आठवड्यात कोणाचा हात वाढत नाही, त्यामुळे जो फरक दिसेल तो आमच्या मोजण्याचा. दोन वेळच्या आकड्यांचा सहसंबंध छान येतो, पण त्यावर समाधान मानू नये. दोन्ही वेळा क्रम तोच राहिला तरी आकडे सरसकट वरखाली असू शकतात. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये मांडलेला आलेख काढला, प्रत्येकाच्या दोन आकड्यांतला फरक आणि त्यांची सरासरी. पकड चांगली जुळली. किल्लीची आणि तीन बोटांची चिमूटही. टोकाची चिमूट सर्वांत डळमळीत, आणि जास्त फरक असलेली मुले बहुतांशी सांधा खचणारीच.

२ सप्टेंबर

वयानुसार तक्ता मांडला. १२ वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली जवळजवळ बरोबरीने. त्यानंतर मुलग्यांची पकड झपाट्याने वर जाते, मुलींची संथपणे. मॅथिओवेट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ६ ते १९ वर्षांच्या अमेरिकन मुलांचे आकडे दिले, त्यातही हेच दिसते. ते आकडे आडाखा म्हणून शेजारी ठेवले आहेत, उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची रेघ म्हणून नाही.

कारण वय हाच या वयात सर्वांत फसवा रकाना आहे. १४ वर्षांचे दोन मुलगे एकामागोमाग बसले. एकाला मिसरूड फुटलेली, आवाज फुटलेला. दुसरा त्याच्या खांद्याला लागतो. पकडीत जवळपास दुपटीचा फरक. दुसऱ्यात काहीही कमी नाही, त्याची वाढ अजून सुरू व्हायची आहे, आणि जोर वाढतो तो उंचीने उसळी मारल्यानंतर काही महिन्यांनी. फक्त वयाच्या तक्त्याशी तुलना केली असती तर त्याच्या घरी चिंतेचा कागद गेला असता. आता उभी उंची, बसलेली उंची आणि वजन नोंदवतो. मिरवाल्ड यांच्या २००२ च्या सूत्राने उंचीच्या उसळीपासून मूल किती आधी किंवा नंतर आहे याचा अंदाज येतो. अंदाजच तो, पण वयापेक्षा बरा.

१० सप्टेंबर

ज्या प्रश्नासाठी काम सुरू केले तो आज मांडून बघितला. लिहिताना हात दुखतो म्हणणारी मुले एका बाजूला, न दुखणारी दुसऱ्या बाजूला. पकडीचे आकडे दोन्हीकडे सारखेच विखुरलेले. वर्गातल्या सर्वांत जोरकस पकडीच्या मुलांमध्येही दुखणारे आहेत. त्यांच्या वह्यांचे पान उलटून मागून बोट फिरवले तर अक्षरे उठलेली लागतात, इतका दाब. ३ सेकंदांचा कमाल जोर आणि तीन तासांचे लिखाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीच मोजली.

म्हणून पुढच्या फेरीत तिसरी चाचणी: स्वतःच्या कमाल चिमटीच्या निम्म्या जोरावर काटा किती वेळ टिकतो. इथे मुलाला डायल दिसायलाच हवा, नाहीतर निम्मे कुठे ते त्याला कळणार नाही. शिवाय प्रत्येकाचे दहा मिनिटांचे लिखाण, पेन धरलेल्या हाताचा फोटो (चेहरा नाही) आणि पानाच्या मागच्या बाजूची पाहणी.

१७ सप्टेंबर

कागद वाटले. प्रत्येकाला स्वतःचे आकडे, हात कसा बसवला होता आणि पुढची मोजणी कधी. क्रमांक नाही, वर्गाची सरासरी नाही. सांधा खचणाऱ्या मुलांच्या कागदावर पेनाला जाड रबरी पकड लावून बघावी आणि हात दुखत राहिला तर फिजिओथेरपिस्टला दाखवावे, एवढेच लिहिले. बोटे बधिर होतात किंवा मुंग्या येतात असे सांगणाऱ्यांच्या पालकांशी मात्र स्वतंत्र बोललो, ते जोराचे काम नाही, डॉक्टरांचे आहे.

डायनामोमीटर ज्यांचा त्यांना कॅलिब्रेशनच्या कागदासकट परत केला. फळ्या, रेकॉर्ड केलेली सूचना आणि रकान्यांचा कोरा तक्ता शाळेत ठेवला आहे. पुढची फेरी जानेवारीत, त्याच खुर्च्यांवर.